मातीचा गाडीवान आणि यंत्राचा वीर

अमेरिकेतील मॅटेल या खेळणी बनविणाऱ्या कंपनीने १९८२ साली 'मास्टर्स ऑफ द युनिव्हर्स' या नावाची एक खेळण्यांची मालिका बाजारात आणली. तिचा नायक ही-मॅन. या मालिकेत १९८५ साली 'रोबोटो' नावाच्या एका बाहुल्याची भर पडली. हा बाहुला यंत्रमानवाचा असून वेष्टनावर त्याचे वर्णन 'वीर यांत्रिक योद्धा' अशा अर्थाच्या शब्दांनी केले होते. त्याची छाती पारदर्शक प्लास्टिकची होती आणि कंबर फिरविली असता आतील दातेरी चाके फिरताना दिसत. उजवा हात काढून त्या जागी आकडा, परशू किंवा अस्त्रनळी बसविता येई. एवढ्याशा खेळण्याने विद्यापीठीय पत्रिकेची पाने अडवावीत काय, अशी शंका कोणी घेतल्यास तिला उत्तर देणे अवघड नाही. 'वीर' आणि 'यांत्रिक' ही दोन विशेषणे एकाच नामाला लावण्याचे धाडस मनुष्याने केव्हा व कसे केले, हा प्रश्न कल्पनेच्या इतिहासातील मोठा प्रश्न आहे, आणि रोबोटो हे त्याचे एक उशिराचे परंतु फार बोलके उदाहरण आहे.

या विषयावर आपल्याकडे दोन मते ऐकू येतात. यंत्रमानव प्राचीन भारतात होतेच, पाश्चात्त्यांनी त्यांना नवे नाव दिले इतकेच, असे एक मत. दुसरे मत असे की ही सारी कल्पना परकी आहे व आपल्या परंपरेशी तिचा काडीचाही संबंध नाही. पहिले मत ग्रंथातील वर्णनाला वस्तूचा पुरावा समजते. दुसरे मत ग्रंथ उघडतच नाही. प्रस्तुत लेखकास दोन्ही मान्य नाहीत. ती का मान्य नाहीत हे दाखविण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी हे गाव मध्यबिंदू धरून एक वर्तुळ काढले, तर आवश्यक ती बहुतेक सामग्री त्याच्या आत सापडते. पाथर्डीच्या ईशान्येस, शेवगावच्या पलीकडे, गोदाकाठी पैठण आहे. वायव्येस प्रवरेच्या काठी नेवासे आहे. ही दोन्ही स्थळे सरळ रेषेत पन्नास किलोमीटरांच्या आतबाहेरची. आणि पाथर्डी तालुक्यातच गर्भगिरीच्या डोंगररांगेत मढी येथे कानिफनाथांची समाधी असून सर्व परिसर नाथांच्या कथांनी भरलेला आहे. पैठणचे लाकडी यंत्रपुरुष, नेवाशाचे सूत्राने हलणारे बाहुले आणि गर्भगिरीच्या नाथकथेतील मातीचा गाडीवान हे तीन कृत्रिम पुरुष येथे विचारात घ्यावयाचे आहेत.

पैठणचे नाव येथे येते ते गुणाढ्याच्या बृहत्कथेमुळे. ही कथा पैशाची भाषेत रचली गेली, सातवाहन राजाने प्रथम तिचा अव्हेर केला, सात लक्ष श्लोकांपैकी सहा लक्ष गुणाढ्याने अग्नीत टाकले व उरलेले एक लक्ष राजाने वाचविले, ही आख्यायिका प्रसिद्ध आहे. मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाही. तिची उत्तरकालीन रूपे आहेत: काश्मीरचा सोमदेव याने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी रचलेला कथासरित्सागर, त्याच्या थोडा आधीची क्षेमेंद्राची बृहत्कथामंजरी आणि नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह. म्हणून कथासरित्सागरातील एखादी गोष्ट प्रतिष्ठाननगरीत सातवाहनकाळी सांगितली जात होती असे सरळ विधान करता येणार नाही. परंतु तिन्ही रूपांचे मूळ एका ग्रंथाकडे जाते आणि त्या ग्रंथाची परंपरा पैठणशी जोडलेली आहे, एवढे निश्चित.

कथासरित्सागरात खेळण्यांचा एक प्रसंग आहे आणि तो आपल्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. मयासुराची कन्या सोमप्रभा ही तक्षशिलेच्या राजकन्येची, कलिंगसेनेची, मैत्रीण होते व तिला रिझविण्यासाठी एक करंडी घेऊन येते. करंडीत लाकडाच्या यंत्रबाहुल्या असतात. एका बाहुलीची खुंटी दाबताच ती आकाशमार्गे जाऊन फुलांची माळ घेऊन परत येते, दुसरी तशीच पाणी आणते, तिसरी नाचते, चौथी संभाषण करते. राजकन्या इतकी रमते की तिचे खाण्यापिण्याकडेही लक्ष राहत नाही. पुढे सोमप्रभा आपल्या पित्याची यंत्रविद्या सांगते, तीत पंचमहाभूतांप्रमाणे यंत्रांचे प्रकार पाडलेले आहेत. पृथ्वीयंत्र दारे बंद करते, जलयंत्र सजीव भासते, तेजोयंत्र ज्वाळा ओकते, वायुयंत्र येजा करते आणि आकाशयंत्र बोलते. अमृताचे रक्षण करणारे चक्रयंत्र मात्र एकट्या मयालाच ठाऊक. ही वर्गवारी काल्पनिक असली तरी तिच्यात एक शिस्त आहे हे नाकारता येत नाही. बोलणे हा आकाशाचा गुण, म्हणून बोलणारे यंत्र आकाशाचे, ही तर्कपद्धती शास्त्रकाराची आहे, केवळ कथेकऱ्याची नव्हे.

त्याच ग्रंथाच्या रत्नप्रभा लंबकातील राज्यधराची कथा याहून गंभीर आहे. नरवाहनदत्त एका समुद्रतीरावरील नगरात शिरतो. हमरस्त्यावर व्यापारी आहेत, वारांगना आहेत, नागरिक आहेत. सर्वजण हिंडतफिरत आहेत, पण कोणी बोलत नाही. जवळ गेल्यावर कळते की ही सारी माणसे लाकडाची आहेत. राजवाड्यात रत्नासनावर एकच जिवंत मनुष्य बसलेला असतो. तो राज्यधर, कांची नगरीचा सुतार. त्याचा भाऊ प्राणधर याने वारांगनांच्या नादी लागून द्रव्य उधळले, दोरीने चालणारे यंत्रहंस बनवून त्यांच्याकडून राजा बाहुबलाच्या कोशागारातील रत्ने चोरविली, आणि हंस पकडले गेल्यावर दोघा भावांना देश सोडावा लागला. राज्यधर या ओसाड नगरात येऊन पोहोचला. एकटेपणा सहन होईना, म्हणून त्याने लाकडाची माणसे घडवून नगर भरून काढले. सुतार असूनही तो तेथे राजासारखा राहतो. या कथेत विनोद आहे, विस्मय आहे, पण माझ्या मते तिचा गाभा दुःखाचा आहे. सगळे नगर गजबजलेले आणि बोलावयास कोणीही नाही.

या दोन्ही कथांत यंत्रे काय करतात? पाणी आणतात, माळ आणतात, नाचतात, चोरी करतात, गर्दी करतात. एकही यंत्र स्वतःचा निर्णय घेत नाही व म्हणून एकही यंत्र पराक्रमी नाही. हंस चोरी करतात, पण चोर ठरतो तो प्राणधर. पराक्रम असो वा अपराध, तो घडविणाऱ्याच्या नावावर जमा होतो. बुधस्वामीच्या ग्रंथात तर आकाशयंत्राची विद्या यवनांनाच ठाऊक आहे असे सुतार सांगतात. म्हणजे कुतूहल आहे तेही कारागिराविषयी व त्याच्या गुपिताविषयी. यंत्राला येथे स्वतःचे नावसुद्धा नाही. पाली लोकपञ्ञत्ति या ग्रंथात अजातशत्रूने पुरलेल्या बुद्धधातूंचे रक्षण करणाऱ्या यंत्रयोद्ध्यांची कथा आहे; हे योद्धे वीराच्या जवळपास येतात खरे, परंतु कथेचा ओढा अशोकाकडे असून यंत्रयोद्धे हा त्याच्या मार्गातील केवळ एक अडथळा आहे.

कथेकडून शास्त्राकडे वळले तरी चित्र पालटत नाही. धारचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधाराचा एकतिसावा अध्याय यंत्रविधानाचा आहे. हा ग्रंथ त. गणपतिशास्त्री यांनी संपादित करून बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत १९२४-२५ मध्ये प्रसिद्ध केला, आणि डॉ. वे. राघवन् यांनी १९५२ साली प्राचीन भारतातील यंत्रांवर लिहिलेल्या निबंधात या अध्यायाचा साक्षेपी परामर्श घेतला. लाकडाचे अवयव वेगवेगळे घडवून ते सांध्यांनी जोडावेत, आत शलाका व सूत्रे बसवावीत, वरून कातडे चढवावे, म्हणजे स्त्रीपुरुषांच्या आकृती तांबूल देणे, जल शिंपडणे, आरशात पाहणे, वीणा वाजविणे अशी कामे करतात, असे तेथे सांगितले आहे. दाराशी उभा राहून आगंतुकास अडविणारा, रात्री शिरणाऱ्या चोरावर शस्त्र चालविणारा द्वारपालही आहे. परंतु त्याचेही नाते सैनिकाशी नसून अडसराशी आहे. तो दाराचाच एक भाग होय.

भोजाने उत्तम यंत्राचे जे गुण मोजले आहेत त्यांत शब्दहीनता म्हणजे आवाज न होणे आणि अलक्ष्यता म्हणजे रचना दृष्टीस न पडणे हे दोन गुण आहेत. कळ दिसता कामा नये. शिवाय यंत्रांची घडण आपण पूर्णपणे सांगत नाही ती अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी, असेही ग्रंथकार बजावतो. आता या गुप्ततेतून प्राचीन भारतात यंत्रमानव प्रत्यक्ष वावरत होते असे अनुमान काढणारे जे आहेत, त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ग्रंथाने जे मुद्दाम झाकले ते सिद्ध होऊ शकत नाही, आणि भूमीतून अशा यंत्रपुरुषाचा एकही अवयव आजवर निघालेला नाही. लाकूड कुजते हे मान्य. परंतु कुजलेल्या लाकडावर इतिहास उभारता येत नाही. कारंजी, जलघड्याळे, सांध्यांच्या बाहुल्या या गोष्टी शक्य कोटीतील आहेत. पाऱ्याच्या बळावर उडणारे लाकडी विमान त्या कोटीतील नाही. यंत्रपुरुषाची कल्पना आपल्याकडे निश्चितपणे होती व ती सूक्ष्म होती, एवढेच विधान पुराव्याला धरून आहे. आणि ते पुरेसे अभिमानास्पदही आहे.

नेवाशाकडे वळताना शतके आणि भाषा दोन्ही बदलतात. शके १२१२ म्हणजे इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी येथे सिद्ध झाली. तीत साइखड्याच्या बाहुल्याचा, म्हणजे दोरीने चालविल्या जाणाऱ्या लाकडी बाहुल्याचा, दृष्टांत येतो. बाहुले चालते ते सूत्र चालविणाऱ्याच्या इच्छेने. त्याचप्रमाणे आपल्या मुखातून जे बोलले जाते त्याचे कर्तृत्व आपले नव्हे, गुरूचे आहे, असा त्याचा भाव. पैठणच्या कथेत यंत्राचे कर्तृत्व कारागिराकडे जाणे ही निव्वळ कथेची सोय होती. नेवाशास त्याच वस्तुस्थितीचे तत्त्वज्ञान झाले. दोरी दुसऱ्याच्या हाती आहे हे जाणणे हीच येथे बाहुल्याची थोरवी ठरली. वीराची वृत्ती याच्या अगदी उलट असते. तो 'मी' म्हणतो. वारकरी विचाराने बाहुल्याला प्रतिष्ठा दिली ती 'मी' न म्हणण्याबद्दल. यंत्राचा वीर या भूमीत सहजासहजी का उगवला नाही, याचे एक कारण मला येथे दिसते.

ज्या गुरुपरंपरेचा निर्देश ज्ञानेश्वरीच्या अखेरीस आहे, ती आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती आणि ज्ञानदेव अशी आहे. यांतील गहिनीनाथांचे स्थान बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, चिंचोलीजवळच्या गहिनीनाथ गडावर दाखविले जाते. पाथर्डीकरांना ते परके नाही. त्यांच्या जन्माची जी कथा नवनाथभक्तिसारात आली आहे तिच्याकडे खेळण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने कोणी पाहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. हा चाळीस अध्यायांचा ओवीबद्ध ग्रंथ धुंडीसुत मालू याने शके १७४१ म्हणजे इ. स. १८१९ मध्ये पूर्ण केला. नाथक्षेत्रांत त्याची पारायणे होतात. ज्ञानेश्वरीहून तो पाच शतकांनी अलीकडचा आहे, हे विसरून चालणार नाही. तेराव्या शतकातील गहिनीनाथांविषयीचा पुरावा म्हणून तो वापरता येत नाही. रा. चिं. ढेरे यांनी १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नाथसंप्रदायाचा इतिहास मांडला. त्या इतिहासापासून पोथीतील आख्यायिका वेगळी ठेवूनच तिच्याकडे पाहिले पाहिजे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठी मनाला खेळण्याविषयी काय वाटत होते, याचा पुरावा म्हणून हा ग्रंथ मोलाचा आहे.

कथा अशी. मच्छिंद्र आणि गोरक्ष कनकगिरी गावी असताना गुरूने शिष्याला संजीवनी मंत्र दिला व शिष्य तो पाठ करीत बसला. जवळ गावातील मुले चिखलाशी खेळत होती. त्यांनी चिखलाची गाडी केली. पण गाडीवर बसावयास गाडीवान हवा, तो काही त्यांना जमेना. त्यांनी गोरक्षाकडे हट्ट धरला. गोरक्ष मुखाने मंत्र म्हणत होता आणि हाताने चिखलाला आकार देत होता. मंत्राचा परिणाम व्हावयाचा तो झाला. पुतळ्यात करभाजन नारायणाने संचार केला आणि मातीचा गाडीवान हालचाल करू लागला. मुलांनी भूत भूत म्हणून आरडाओरड करीत पळ काढला. गोरक्षही घाबरला. मच्छिंद्राने येऊन खरा प्रकार ओळखला, मूल उचलले, आणि मधुनाभा नावाच्या ब्राह्मणाच्या व त्याची पत्नी गंगा हिच्या ओटीत घातले. तेच पुढे गहिनीनाथ.

नवनाथांच्या जन्मकथा बहुतेक अशाच अयोनिज आहेत. मच्छिंद्र मासळीच्या पोटातून, जालंदर यज्ञकुंडातून, कानिफ हत्तीच्या कानातून, खुद्द गोरक्ष उकिरड्यातून. त्यांत गहिनींची कथा वेगळी पडते ती त्यांचे मूळ खेळणे असल्यामुळे. हा चमत्कार कोणी योजलेला नाही. मयाला यंत्र हवे होते, भोजाला द्वारपाल हवा होता, राज्यधराला सोबत हवी होती. येथे फक्त मुलांना गाडीवान हवा होता, आणि तोही क्षणभराच्या खेळापुरता. मंत्र दुसऱ्याच कामासाठी पाठ चालला होता. जगातील कृत्रिम पुरुषांच्या कथांत निर्मात्याची महत्त्वाकांक्षा हा बहुधा पहिला घटक असतो. या मराठी कथेत तो अजिबात नाही. आणि भय आहे ते कोणाला? प्रथम मुलांना. ज्यांनी खेळणे मागितले तीच ते जिवंत होताच पळाली. लोककथाकाराचे हे निरीक्षण फार सच्चे आहे. मुलांना बाहुल्याने हलावे असे वाटते, पण ते आपल्या हाताने.

तथापि एक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. मातीचा गाडीवान थोर झाला तो माती राहून नव्हे. त्याला आई मिळाली, बालपण मिळाले, दीक्षा मिळाली. तो मनुष्य झाला, मग नाथ झाला. खेळण्याला मोठेपण यावयाचे तर त्याने आधी खेळणेपण सोडले पाहिजे, हा नियम या कथेनेही मोडलेला नाही. ज्ञानदेवांच्या गुरूचे गुरू एका मुलाच्या हट्टापायी घडलेले बाहुले होते, असे मानावयास भाविक मनाला काही अडचण वाटली नाही. त्या बाहुल्याने बाहुलेच राहून पराक्रम करावा, ही कल्पना मात्र त्यास सुचली नाही.

गाडीवानाचा विषय निघाला आहे तर याच जिल्ह्यातील आणखी एका गाडीवानाचे स्मरण केले पाहिजे, जरी त्याचा व नाथकथेचा काही संबंध नाही. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठच्या दायमाबाद येथे १९७४ साली काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि दोन बैल जुंपलेला रथ. चारींचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब असून त्यात उभा असलेला हाकणारा सुमारे १६ सेंटिमीटर उंच आहे. पुढच्या दांड्यावर एक कुत्राही उभा आहे. पुढे शां. आ. साळी यांनी तेथे १९७५ ते १९७९ या काळात उत्खनन केले. या वस्तू उत्तर-हडप्पाकालीन मानल्या जातात, परंतु त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. प्राण्यांनाही चाके बसविण्याची योजना आहे. म्हणजे त्या ओढत नेण्यासाठी केलेल्या असाव्यात. इतके जड खेळणे मुलाच्या हाती कोण देईल? मिरवणुकीच्या वस्तू म्हणूनच त्यांचा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक. पण त्यांचा आकार खेळण्याचा आहे. पोळ्याला घरोघर मातीचे बैल होतात, मुले चिखलाची गाडी करतात, त्याच घाटाची वस्तू येथे काशात ओतलेली दिसते. मालूच्या कथेतील मुलांना गाडी जमली व गाडीवान जमला नाही. दायमाबादच्या ओतारीला तो उत्तम साधला होता.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. 'रोबो' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक याच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या नाटकातून जगात पसरला. मूळ चेक शब्दाचा अर्थ वेठबिगार. मराठीने त्यासाठी 'यंत्रमानव' हा शब्द योजला. त्यात वेठीचा अर्थ नाही व मानवाचा आहे, हे शब्दकर्त्यांचे औदार्य म्हणावयाचे. चापेकच्या नाटकात हे वेठबिगार बंड करतात. म्हणजे यंत्र सेवक राहत नाही, पण म्हणून वीरही होत नाही. ते शत्रू होते. यंत्राला वीरपद मिळाले ते प्रामुख्याने युद्धोत्तर जपानात. तेझुका ओसामू यांचा 'ॲटम' १९५२ मध्ये आणि योकोयामा मित्सुतेरू यांचा 'तेत्सुजिन २८' १९५६ मध्ये चित्रकथांतून अवतरला. तेत्सुजिन हा मुळात युद्धासाठी योजलेला लोहपुरुष. युद्ध संपल्यावर तो एका मुलाच्या हाती येतो. पराभूत राष्ट्राने आपले शस्त्र मुलाच्या स्वाधीन केले, असा याचा अर्थ मी लावतो. योकोयामांच्याच 'जायंट रोबो' वरून १९६७-६८ मध्ये २६ भागांची दूरचित्रमालिका झाली. तिच्या शेवटच्या भागात तो अजस्र यंत्रमानव मुलाची आज्ञा मोडतो आणि पृथ्वीच्या रक्षणासाठी स्वतःचा नाश ओढवून घेतो. आज्ञाभंग आणि आत्मबलिदान एकाच कृतीत! सोमप्रभेच्या करंडीतील बाहुलीला हे शक्य नव्हते.

यानंतर खेळण्यांचा व्यापार या वीराच्या मागे लागला. १९७४ पासून जपानी पोपी कंपनीने धातूचे 'चोगोकिन' यंत्रवीर विकले. १९७७ च्या सुमारास मॅटेलने जपानी यंत्रवीर 'शोगुन वॉरियर्स' या नावाने अमेरिकेत आणले. १९८४ मध्ये हॅस्ब्रो कंपनीने जपानी टाकारा कंपनीच्या, वाहनाचा यंत्रमानव होणाऱ्या खेळण्यांना नवी नावे व नवे चरित्र देऊन 'ट्रान्सफॉर्मर्स' मालिका काढली. तिचा नायक ऑप्टिमस प्राइम मालमोटारीचे रूप घेई. १९८६ च्या चित्रपटात त्याला मारण्यात आले, तेव्हा चित्रपटगृहांत मुले रडली, आणि १९८७ मध्ये त्याला पुन्हा जिवंत करावे लागले. दुकानात जुनी खेळणी हटवून नवी मांडावयाची होती हे त्या मृत्यूचे खरे कारण. मुलांनी त्याचा शोक केला तो मात्र वीराचा म्हणून. व्यापाऱ्याने कल्पिले नव्हते इतके गांभीर्य ग्राहकाने त्या वस्तूला दिले.

महाराष्ट्रातील मुलांपर्यंत ही मंडळी दूरदर्शनमार्गे आली. 'जायंट रोबो'ची मालिका व ही-मॅनची चित्रमालिका दोन्ही १९८० च्या दशकात दूरदर्शनवर दाखविल्या गेल्या. ही-मॅनची खेळणी मॅटेलच्या परवान्याने लिओ या नावाखाली भारतात बनत. ती ज्यांना परवडत नसत त्यांची संख्या अर्थातच फार मोठी होती, आणि जत्रेतील चावीच्या पत्र्याच्या खेळण्यांवर त्यांची भूक भागे. ग्रामीण भागात तर दूरदर्शन संच हाच अपूर्वाईचा विषय होता.

रोबोटोकडे परत येताना भोजाच्या अलक्ष्यतेची आठवण ठेवावी. भोजाच्या मते उत्तम यंत्राची कळ दिसत नाही. रोबोटोची सारी मौज ती दिसण्यात आहे. त्याची छाती काचेसारखी आहे व आत चाके आहेत. आपण मनुष्य असल्याचा आव तो आणीत नाही. मी यंत्र आहे हे तो प्रथम सांगतो आणि मग वीर म्हणून उभा राहतो. आपल्याकडे उघड्या छातीचा वीर अपरिचित नाही. छाती फाडून आतील रामसीता दाखविणारा मारुती घरोघरच्या तसबिरींत असतो. वाल्मीकीच्या रामायणात तो प्रसंग नाही, तो पुढील भक्तिपरंपरेचा. त्या तसबिरीत छातीच्या आत दाखविले जाते ते वीराच्या बळाचे मूळ, म्हणजे त्याचा स्वामी. रोबोटोच्या छातीत स्वामी नाही. तेथे दात्यांत दाते अडकविलेली चाके आहेत, आणि पाहणाऱ्याने बळाचे मूळ तेच समजावयाचे आहे.

त्याचे चरित्र स्थिर नाही, हेही नोंदविण्यासारखे आहे. १९८० च्या दशकातील चित्रमालिकेत तो केवळ एका भागात येतो, आणि तेथे तो यंत्रांच्या दुसऱ्या ग्रहावरून आलेला पाहुणा आहे. २००२ साली सुरू झालेल्या नव्या मालिकेत त्याला वेगळा जन्म दिला गेला. तेथे तो ही-मॅनच्या गोटातील शस्त्रकाराने बुद्धिबळ खेळण्यासाठी बनविलेले यंत्र आहे. युद्धात उतरावे अशी इच्छा त्याला स्वतःला होते, तो उतरतो, सर्वांना वाचविताना त्याचे तुकडे होतात आणि ते पुन्हा जोडले जातात. प्राणधराचे हंस पकडले गेले तेव्हा त्यांचे पुढे काय झाले याची चौकशी कोणी केली नव्हती. मातीच्या गाडीवानाला मनुष्य व्हावे लागले. हा मात्र मोडला तरी यंत्र म्हणूनच मोडतो, दुरुस्त होतो तोही यंत्र म्हणूनच, आणि सोबती त्याच्यासाठी हळहळतात. बुद्धिबळाच्या यंत्राने रणात उतरण्याचा निश्चय केला हा क्षण महत्त्वाचा, कारण तो निश्चय कोणी चावी देऊन करविलेला नाही.

हे सर्व कथेपुरते. हातात घेतलेल्या १९८५ च्या रोबोटोची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याच्या छातीतील चाके त्याचे हातपाय चालवीत नाहीत. मुलाने कंबर फिरविली की ती फिरतात आणि मुलाने हात थांबविला की थांबतात; हात उचलावयाचा, परशू बसवावयाचा, शत्रूवर धावून जावयाचे, ते सारे मुलानेच करावयाचे असते.